करवली व्हायला नको म्हणणारं लेकरू

‘ताई, आम्ही तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. थोरला मुलगा बाग बघतो, धाकटी पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भाऊबीजेला तिनं भावाला ओवाळलं आणि रात्री मला गच्चीवर नेऊन सांगितलं, “आई, मी मुलगी नाही. मुलगासुद्धा नाही. मी जेंडर न्यूट्रल आहे.” मला वाटलं, मुलगा व्हायचंय म्हणते की काय. तर तसंही नाही म्हणाली. मी ह्यांना सांगितलं, ह्यांनी सासूबाईंना. वैशाखात थोरल्याचं लग्न आहे, करवलीचा मान हिचा. ही म्हणते करवली होणार नाही, शालू नेसणार नाही. हे म्हणतात हार्मोनची टेस्ट करू. थोरला म्हणतो इन्स्टाग्रामचं खूळ आहे. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, एक जण बघतात तिकडं नेऊ. पूर्वी असली पोरं सौंदत्तीला देवीकडं जायची, असंही त्या म्हणाल्या, तेव्हापासून माझी झोप गेली. बारा वर्षांची असताना तिला न्हाण आलं, भावकीनं हिरवी साडी नेसवून मखरात बसवलं, तर दोन दिवस जेवली नव्हती. आता तिच्या बॅगेत क्रेप बँडेज सापडलं. हे काय आहे? माझं काय चुकलं? तिच्याशी बोलायचं तरी कसं?’

– एक आई, तासगाव तालुका

प्रिय ताई,

तुम्ही शेवटी घाईघाईनं लिहिलेली क्रेप बँडेजची ओळ मी आधी घेते. बाकीच्या गोष्टींना वेळ आहे, हिला नाही.

मुरगळलेल्या पायाला गुंडाळायची ती पट्टी तुमचं लेकरू बहुतेक छातीला आवळून बांधत असणार. छातीचा उभार दिसू नये म्हणून बरीच जणं हे करतात, आणि त्या कामाला क्रेप बँडेजइतकी वाईट वस्तू दुसरी नाही. हालचाल होईल तशी ती आणखी आवळत जाते. बरगड्या दुखतात, दम लागतो, कातडी सोलवटते. त्यापेक्षा अंगाबरोबर बसणारी स्पोर्ट्स ब्रा बरी, किंवा याच कामासाठी शिवलेलं बाइंडर मिळतं ते. तेही मापाचंच हवं, दिवसाला आठ तासांच्या वर नको, आणि झोपताना किंवा व्यायाम करताना अजिबात नको. हे बोलायचं कसं? ‘तुझ्या बॅगेत सापडलं’ इथून सुरुवात केलीत तर बोलणं तिथंच संपेल. फोनवर एवढंच सांगा, की छातीला पट्टी बांधत असशील तर ती सोड, चांगलं काहीतरी विकत घे, पैसे पाठवते. कारण विचारू नका. पैसे मात्र त्याच दिवशी पाठवा. छातीत दुखतं किंवा धाप लागते असं उत्तर आलं, तर डॉक्टरकडं जायला सांगा.

तुम्ही पत्रभर ‘ती’ लिहिलंय. मी ‘लेकरू’ लिहिते आहे, आणि शेवटपर्यंत तसंच लिहीन. ज्या माणसानं ‘मी मुलगी नाही’ असं सांगितलंय त्याला न विचारता मी ‘ती’ म्हणणं मला बरं वाटत नाही.

आता हे आहे काय ते. मूल जन्मलं की सुईण किंवा डॉक्टर शरीराकडं बघून मुलगा की मुलगी ते सांगतात. बहुतेकांना ते आयुष्यभर पटतं, इतकं की त्यावर विचार करायची वेळच येत नाही. काहींना पटत नाही. त्यातल्या काहींना आतून पक्कं वाटत असतं की आपण दुसऱ्या बाजूचे. तुम्हाला आधी तीच शंका आली. पण काही माणसांना दोन्ही बाजू आपल्या वाटत नाहीत. अशा सगळ्यांना मिळून नॉनबायनरी म्हणतात, आणि त्यांच्यातही सगळी एकसारखी नसतात. कुणी सांगतं, माझ्यात दोन्ही आहे. कुणाचं आज एक वाटतं तर महिन्याभरानं दुसरं. त्यांच्यासाठी जेंडरफ्लुइड हा शब्द आहे. कुणी म्हणतं, लिंगभाव नावाची गोष्ट मला जाणवतच नाही, ते एजेंडर. तुमच्या लेकरानं न्यूट्रल सांगितलं. म्हणजे माझं असणं बाईपणाकडंही झुकत नाही आणि पुरुषपणाकडंही नाही. एजेंडर आणि न्यूट्रल यांच्यातला फरक बारीक आहे, काही जण दोन्ही शब्द स्वतःसाठी वापरतात. त्यावर काथ्याकूट करत बसायची तुम्हाला गरज नाही. लेकरानं जो शब्द दिला तो घ्या.

घरोघरी एक गैरसमज मात्र ठरलेला असतो. न्यूट्रल म्हणजे ‘अजून ठरायचंय’ असं धरून लोक वाट बघत बसतात, की आज ना उद्या हे इकडं येईल नाहीतर तिकडं जाईल. ताई, हा काही पिकायचा राहिलेला घड नाही. लेकरानं तुम्हाला अर्धवट काही सांगितलेलं नाही, जे सांगितलं ते पुरतं सांगितलंय. पुढं मागं त्यानं स्वतःसाठी वेगळा शब्द निवडला तर निवडू दे. विसाव्या वर्षी स्वतःबद्दल जे कळतं त्यात पुढं भर पडतच असते. पण उद्याचा शब्द कदाचित वेगळा असेल म्हणून आजचा कानाआड टाकायचा, हा न्याय आपण बाकी कुठल्या बाबतीत लावत नाही.

आणखी दोन-तीन गोष्टींची लोक सरमिसळ करतात, त्या वेगळ्या करून ठेवते. जन्मतःच शरीराची ठेवण नेहमीपेक्षा वेगळी असणं, ज्याला इंटरसेक्स म्हणतात, हा वेगळा विषय आहे. कुणाबद्दल ओढ वाटते, मुलांबद्दल, मुलींबद्दल की कुणाबद्दलच नाही, हाही वेगळा; लेकरानं त्यावर काही सांगितलेलं नाही आणि तुम्ही विचारूही नका. आणि कपडे तर फारच वेगळे. साडी न आवडणं हा कशाचाच पुरावा नाही. साडी न आवडणाऱ्या बायकांनी महाराष्ट्र भरलाय, त्यातली एक मी. उलट एखादी न्यूट्रल व्यक्ती हौसेनं झुमके घालेल, केस वाढवेल, नथसुद्धा घालेल, आणि तरीही न्यूट्रलच असेल. दिसण्यावरून ठरवायला गेलात की फसाल. माणूस स्वतःबद्दल काय सांगतं, एवढाच पुरावा इथं असतो.

म्हणून न्हाणाची ती ओळ मी पुरावा म्हणून वाचत नाही. पण तुम्ही ती लिहिलीत, याचा अर्थ आठ वर्षं ती तुमच्या मनात कुठंतरी सलते आहे. बारा वर्षांचं पोर, हिरव्या साडीत गुंडाळलेलं, केळीच्या खांबांच्या मखरात बसवलेलं, आणि आल्यागेल्या बायका ओटी भरून म्हणताहेत, ‘आता बाई झालीस गं.’ पुष्कळ मुलींनाही त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं होतं. खरं तर तो सोहळा आता बंद व्हायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. पण कधी तरी, लग्नाची गडबड उरकल्यावर, लेकराला विचारून बघा, ‘तेव्हा जेवली नव्हतीस’ असं न म्हणता, ‘त्या वेळी तुला काय वाटत होतं?’ आणि मग फक्त ऐका. थोरल्याच्या प्रश्नाचं उत्तरही तिथंच मिळेल. ‘न्यूट्रल’ हा शब्द इन्स्टाग्रामवरून आला असेल, नाकारत नाही. मखरातल्या मुलानं जेवण सोडलं तेव्हा मात्र त्याच्या हातात मोबाइल नव्हता.

तुमचं काय चुकलं? काही नाही. हा प्रश्न एवढ्यावरच सोडते.

यजमानांच्या टेस्टबद्दल. हार्मोनच्या रिपोर्टमध्ये हे दिसत नाही. तिथं थायरॉइड दिसेल, पाळी अनियमित असेल तर त्याचं कारण कदाचित दिसेल, आणि त्यासाठी तपासणी करायची असली तर जरूर करा. पण ‘मी मुलगी नाही’ या वाक्याचा उलगडा रक्तातून होत नाही. हा मानसिक आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात स्वतःला जाणवणारं लिंग आणि जन्माच्या वेळी ठरवलेलं लिंग न जुळणं हे मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून टाकलंय. आपल्याकडं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं, की अशा व्यक्तीला ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन समजलं जाईल. तेव्हा कुणी ‘चार महिन्यांत नॉर्मल करून देतो’ म्हणालं, तर त्याची पाटी कितीही मोठी असो, फी न देता उठा.

मग डॉक्टरकडं जायचंच नाही का? जायचं, पण कारण वेगळं. लेकरू झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, अभ्यास सुटला असेल, जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ हवाच. त्रास असतो तो बऱ्याचदा रोज चारचौघांत स्वतःला लपवण्याचा, आणि काहींना पाळीचा, छातीचा, ‘मॅडम’ अशा हाकेचासुद्धा. सगळ्यांनाच असतो असं नाही. जायच्या आधी फोनवर विचारून घ्या, की नॉनबायनरी मुलांबरोबर तुम्ही काम केलंय का. उत्तरातच माणूस कळतं. १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तो तुम्हालाही उपयोगी पडेल, तुमची झोप गेली आहे म्हणून म्हणते. पुण्यात समपथिक ट्रस्ट या संस्थेनं या विषयावर मराठीतून काम केलंय. लेकरू पुण्यातच आहे, त्याला ती माहीतही असेल.

आता सासूबाई. त्यांच्यावर रागवू नका, त्यांच्या परीनं त्या नातवंडाला वाचवायलाच निघाल्यात. पण ‘बघणाऱ्या’ माणसाकडं लेकराला न्यायचं नाही, यात तडजोड नको. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला तोच हा कायदा. त्यांचा खून झाला त्या वर्षी तो झाला. सासूबाईंना कायदा सांगून उपयोग नाही, ते मला कळतं. त्यांना सांगा, ‘नातवंड आजारी नाही, शालू नको म्हणतंय.’ त्या वयाच्या बायकांना ‘शालू नको’ हे कळतं. त्यांच्याही आयुष्यात नको ते नेसवलेलं असतंच.

सौंदत्तीचं भय मात्र नीट समजून घ्या, कारण त्यात एक खरी गोष्ट आहे आणि एक खोटी. आपल्या भागात, जत-मिरजेपासून कर्नाटकापर्यंत, यल्लम्माचे जोगते पिढ्यान्पिढ्या आहेत. पुरुषाच्या शरीरात जन्मलेली, लुगडं नेसणारी, डोक्यावर जग, म्हणजे देवीची परडी, घेऊन चौंडक्याच्या तालावर जोगवा मागणारी माणसं आपण सगळ्यांनी दारात पाहिलीत. मंगळवारी-शुक्रवारी त्यांच्या पाया पडायचं आणि एरवी त्यांना भाड्यानं खोली द्यायची नाही, असा आपला हिशेब. म्हणजे बाई-पुरुष या दोन खणांत न बसणारी माणसं सांगलीला नवीन नाहीत, हा खरा भाग. २०१९ साली केंद्राचा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा यांच्याबरोबर जोगता हा शब्द होता आणि जेंडरक्वीअर, म्हणजे बाई-पुरुष या ठरीव साच्यांत न बसणारी व्यक्ती, हाही होता. तुमच्या लेकरासारख्यांना जवळचा आहे तो दुसरा.

खोटा भाग हा, की अशी सगळी मुलं एकाच वाटेनं जातात. जोगता होणं हे देवीशी, दीक्षेशी, गुरूशी, एका समाजाशी जोडलेलं आहे. तुमचं लेकरू थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरचा अभ्यास करतंय आणि त्याला शालू नको आहे. त्याला कुणी देवीला सोडायला सांगितलेलं नाही, आणि मुलीला देवीला सोडणं महाराष्ट्रात २००५ च्या देवदासी निर्मूलन कायद्यानं गुन्हाच आहे. ‘असली पोरं’ हे शब्द सासूबाईंनी लेकरासमोर उच्चारू नयेत एवढं बघा. आणि जोगत्यांचा उल्लेख घरात धाक म्हणून होऊ नये, हेही मला तितकंच वाटतं. ती आपल्यासारखीच जेवणारी-झोपणारी माणसं आहेत. अर्धनारीनटेश्वराचा दाखला मी मुद्दामच देत नाही. तो सगळे देतात, आणि तो ऐकून कुणाच्या घरात काही बदललेलं मी पाहिलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल तुमच्या यजमानांना दाखवण्यासारखा आहे. १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सिक्री यांनी म्हटलंय, की स्वतःचं लिंग कोणतं हे ठरवायचा अधिकार त्या त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. कागदावर विश्वास ठेवणाऱ्या माणसांना कागद द्यावा, तुमचे यजमान तसे वाटले म्हणून सांगितलं.

बोलायचं कसं, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. मराठीत क्रियापदाला लिंग चिकटतं, त्यामुळं इंग्रजीत सुटणारी अडचण आपल्याकडं दर वाक्याला उभी राहते, असं पुण्याची मुलं तक्रारीनं सांगतात. खरी आहे तक्रार. पण तुमच्या घरात दिवसभर काय बोललं जातं ते आठवून बघा. ‘जेवण झालं का?’ ‘कधी येणार?’ ‘पोचल्यावर फोन कर.’ ‘पैसे मिळाले का?’ ‘चहा घेतलास का?’ यातल्या एकाही वाक्यात मुलगा नाही की मुलगी नाही. ‘तू जाशील’, ‘मी करीन’ हेही मोकळंच. अडतं ते ‘आलीस’, ‘गेलीस’, ‘करतेस’ इथं. तिथं काय म्हणायचं, ते लेकरालाच विचारा, थेट. काही नॉनबायनरी मंडळी ‘ते’ आणि ‘आलं’, ‘गेलं’ पसंत करतात. आपल्याकडं ‘आमचं पोरगं पुण्याला असतंय’ हे कुठल्याही पारावर ऐकू येतं, त्यामुळं घरच्यांच्या तोंडी ते सहज बसतं. काहींना मात्र त्यात कमीपणा वाटतो, वस्तूबद्दल बोलल्यासारखं. ते आदरार्थी ‘ते आले’ निवडतात. काही जण तर घरात ‘ती’च राहू दे म्हणतात आणि मित्रांत वेगळं वापरतात. यातलं काहीही निघू शकतं, आधीच धरून चालू नका.

एक सोय मात्र आपल्या भागाला फुकटात मिळालीय. सांगली-कोल्हापूरकडच्या पोरी ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात आणि पुण्याच्या हॉस्टेलवर त्यावरून चेष्टा करून घेतात. तुमचं लेकरू घरात ‘मी येतो’ म्हणालं तर भावकीत कुणाचे कान टवकारणार नाहीत. त्याला हवं असेल तर तेवढ्या आडोशाला बिनधास्त राहू दे.

चुकणार तुम्ही, वीस वर्षांची सवय आहे. ‘आलीस का’ तोंडातून गेलं तर लगेच ‘आलास का’ किंवा जे ठरलं असेल ते म्हणायचं आणि पुढं ‘हात धू’ म्हणायचं. डोळ्यांना पदर लावून माफी मागायची नाही. ती मागितली की तुमचीच समजूत काढायचं काम लेकराच्या गळ्यात पडतं.

लग्नाचं बघू. करवलीचा मान चुलत किंवा मामे बहिणीला द्या, आणि आत्ताच द्या. ऐन मांडवात ‘करवली कुठाय’ म्हणून शोधाशोध झाली, तर सगळ्या वऱ्हाडापुढं कारण सांगायची पाळी येईल, आणि ते कारण सांगणारं माणूस नेमकं लेकरू असेल. नवरीकडच्यांना कळवा की करवली अमुक एक आहे. कारण विचारलं तर ‘आमच्यात असं ठरलंय’ एवढं पुरतं. लग्नात याहून बिनबुडाच्या कारणांवर लोकांनी मान डोलावलेली आहे. त्यांच्या मानपानाच्या यादीत नणंदेची साडी असणार, तिच्याऐवजी पाकीट द्या म्हणून तुमच्या होणाऱ्या विहीणबाईंना सांगायला लाजू नका. लेकरानं कुर्ता-सुरवार आणि वरून जॅकेट घातलं तर आजकाल कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. फोटोवाल्याला आधी बजावून ठेवा. ‘बहिणींनी पुढं या’ हे ओरडणारा तोच असतो. हळदीला कुणी आणि किती लावायची, हे लेकराला विचारा. नाही म्हटलं तर नाही.

आणि त्याला काहीतरी काम द्या. करवलीपद काढून घेतलं आणि कोपऱ्यात बसवलं, तर ती शिक्षा होते. अंतरपाटाचं एक टोक धरायला सांगा. किंवा वऱ्हाडाच्या गाड्या, जेवणाचे कूपन, आहेराची नोंद, यातलं एक पूर्ण खातं सोपवा. इंजिनिअरिंगची मुलं एक्सेल काढून बसतात आणि तुमच्या थोरल्यापेक्षा हिशेब नीट ठेवतात, हा माझा पूर्वग्रह आहे, पण तो खरा ठरत आलाय.

शालू नको म्हणणं म्हणजे सगळ्या गावाला सांगायची तयारी झाली, असा अर्थ काढू नका. या दोन गोष्टी निराळ्या आहेत. लेकरानं गच्चीवर तुम्हाला सांगितलं. तुम्ही यजमानांना सांगितलंत, त्यांनी सासूबाईंना, आणि थोरल्याचं मत तुम्ही लिहिलंय म्हणजे त्यालाही कळलंय. यातल्या कुणाला सांगू का, असं लेकराला विचारलं होतंत का? पत्रात तरी दिसत नाही. तेव्हा पहिलं काम हे, की चौघांना काय काय माहीत आहे ते लेकराला सांगून टाका, बाहेरून कळायच्या आत. पुढं ही यादी त्याच्या परवानगीशिवाय एकानंही वाढवायची नाही. होणाऱ्या सूनबाईंना सांगायचं का, हे लेकरू आणि थोरला मिळून ठरवतील. सांगितलं तर त्या ‘वन्सं’ म्हणणार नाहीत, नावानं हाक मारतील, एवढाच फरक. आजकालच्या मुली तसंही नावानंच बोलावतात. वसतिगृहात, कॉलेजात तर तुम्ही कुणाशीच बोलू नका.

‘थोरल्याचं उरकलं की हिचं बघू’ असं तुमच्या यजमानांनी कुणाला सांगितलं असेल तर तेही थांबवा. लग्न करून दिलं की सगळं जागेवर येतं, ही समजूत दोन माणसांना एकदम बुडवते. आलेल्या स्थळांना ‘शिक्षण पुरं होऊ दे’ म्हणून वाटेला लावलं तर चालेल. मला ते फारसं आवडत नाही, उद्या परत तेच विचारायला येणार. पण शेवटचं वर्ष डोक्यावर असताना रोज घरात वाद नकोत, म्हणून तेवढी थाप मी माफ करते.

कागदपत्रांची घाई कुणालाच नको. काही नॉनबायनरी व्यक्ती आधारपासून पासपोर्टपर्यंत सगळं बदलून घेतात, काही जन्मभर काही बदलत नाहीत. २०१९ च्या कायद्यानुसार ओळखपत्रासाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो. पण कायदे आणि नियम बदलत असतात, तेव्हा लेकराला कधी हवंसं वाटलं तर त्या दिवशी लागू असलेला नियम एखाद्या जाणत्या वकिलाकडून समजून घ्यावा. हे काम आई-बापांनी पुढं होऊन करायचं नाही. ‘असं फक्त आपल्याच घरात’ असं वाटत असेल तर एक आकडा देते. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच पुरुष-स्त्री सोडून ‘इतर’ असा पर्याय होता, आणि देशभरातून ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद तिथं झाली. त्यात सगळ्या प्रकारची माणसं एकत्र आहेत, आणि घरच्यांना घाबरून ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ सांगणारे त्यात नाहीत.

समासात बारीक अक्षरांत तुम्ही विचारलंय, की लग्नपत्रिकेत लेकराचं नाव कसं छापायचं. ‘कु.’ लावलंत तर त्याचा कुमारही होतो आणि कुमारीही, त्यामुळं छापखान्याशी चर्चा करायची वेळ येणार नाही. मला विचाराल तर घरातल्या सगळ्याच लहान मंडळींच्या नावापुढचं ‘कु.’ आणि ‘चि.’ काढून टाका, म्हणजे एकच नाव उघडं दिसणार नाही. ‘आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं!’ या ओळीखाली सगळ्या भावंडांबरोबर नाव छान बसेल. पूर्ण नाव घालायचं की घरातलं, हे प्रूफ आलं की व्हॉट्सॲपवर पाठवून लेकरालाच विचारा. त्याचा होकार येईपर्यंत छपाईला देऊ नका, आणि वैशाखाच्या मुहूर्तांची गर्दी बघता प्रूफ फाल्गुनातच मागवून घ्या.